बॅग भरो आंदोलन

क्रूझचे पैसे भरून होतात, व्हिसा येतो, विम्याचा कागद फाइलला लागतो आणि घरात चार दिवस शांतता नांदते. मग टूर कंपनीच्या प्री-टूर मीटमध्ये पडद्यावर एक ओळ झळकते : ‘दुसरी रात्र – फॉर्मल नाइट’. सभागृहात कुजबूज सुरू होते. पहिल्या रांगेतल्या काकू हात वर करून विचारतात, “फॉर्मल म्हणजे नक्की काय हो?” टूर मॅनेजर प्रत्येक ग्रुपला देतो तेच उत्तर देतो : “सूट, ब्लेझर, गाऊन, साडी... म्हणजे आपण लग्नाला घालतो तसं.”

हे शेवटचं वाक्य फार घातक आहे. मराठी माणूस लग्नाला काय घालतो, हे लग्न कुणाचं यावर अवलंबून असतं. मुलाचं असेल तर सोवळ्यापासून शेरवानीपर्यंत तीन जोड. भाच्याचं असेल तर झब्बा. आणि ऑफिसातल्या कुणाच्या मुलीचं रिसेप्शन असेल तर इस्त्रीचा शर्ट, खिशात पाकीट, हातात पाकीट. सभागृहातून बाहेर पडताना त्यामुळे प्रत्येक जोडप्याच्या डोक्यात वेगळीच फॉर्मल नाइट असते.

नियम तसा कठीण नाही. तीन-चार रात्रींच्या सफरीत अशी एक रात्र असते, सात रात्रींच्या सफरीत बहुधा दोन. जहाज दिवसभर कुठल्याही बंदराला न लागता समुद्रातच असेल, तो दिवस शक्यतो निवडतात. त्या दिवशी बेटावरून घामाघूम होऊन परतायचं नसतं, त्यामुळे नटायला दुपारभर वेळ मिळतो. पहिली रात्र मात्र या कामी वापरत नाहीत, कारण बॅगा खोलीच्या दाराशी येता येता संध्याकाळ उलटते. जुन्या आगबोटींवरही हाच शिरस्ता होता : पहिल्या आणि शेवटच्या रात्री कुणी नटायचं नाही. पहिल्या रात्री ट्रंका उघडलेल्या नसत, शेवटच्या रात्री त्या भरलेल्या असत. साहेबाच्या शिष्टाचारांत हमालांच्या वेळापत्रकाचा वाटा असा मोठा आहे.

या प्रकाराचं सोवळं आजही सर्वांत कडक पाळतं ते ‘क्वीन मेरी २’. कनार्ड कंपनीचं हे ३४५ मीटर लांबीचं जहाज २००४ साली पहिल्या सफरीवर निघालं. साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क हा अटलांटिक ओलांडणारा प्रवास ते साधारण सात रात्रींत करतं. त्यांतल्या खास रात्रींना तिथे ‘गाला इव्हिनिंग’ म्हणतात. पुरुषांनी काळा डिनर जॅकेट किंवा गडद सूट घालायचा, गळ्याला बो किंवा टाय हवा. बायकांनी संध्याकाळचा गाऊन किंवा त्याच्या तोडीचं काही. कधी ‘काळं-पांढरं’ अशी थीम असते, कधी मुखवट्यांची. संध्याकाळी सहानंतर जीन्स घालून फिरायचं, तर ठरावीक जागाच उरतात. किंग्ज कोर्ट नावाचा बुफे आहे, गोल्डन लायन नावाचा पब आहे. तिथे खुशाल बसावं. थोडक्यात, हाकलून कुणी देत नाही, पंगत वेगळी मांडतात.

नटायला वेळ मात्र भरपूर मिळतो. न्यूयॉर्कच्या दिशेने जाताना वाटेत पाच वेळा घड्याळ एकेक तास मागे घेतात, म्हणजे पाच दिवस पंचवीस तासांचे होतात. टायची गाठ तिसऱ्यांदा सोडून चौथ्यांदा बांधणाऱ्या माणसासाठी याहून मोठी सोय नाही. क्वीन्स रूम या नाचघरात एकट्या आलेल्या बायकांना जोडीदार मिळावा म्हणून कंपनीने डान्स होस्ट म्हणून नीटनेटके, वयस्कर, पायाचे हलके पुरुषही नेमलेले असतात. त्यांच्या कोटाला सुरकुती नसते. इतर नवऱ्यांना ते आवडत नाहीत.

गंमत अशी, की ज्या डिनर जॅकेटपुढे आज जगभरचे काका घाबरतात, तो जन्माला आला घरगुती कपडा म्हणून. १८६५ साली इंग्लंडच्या युवराजाने, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डने, लंडनच्या सॅव्हिल रोवरच्या हेन्री पूल या शिंप्याकडून आखूड जॅकेट शिवून घेतला, असं ती पेढी सांगते. मागे शेपटं असलेला लांब कोट खरा औपचारिक. हा आखूड जॅकेट सँड्रिंगहॅमच्या घरी, आपल्या माणसांत, सैलसर जेवायला. युवराजाच्या घरातला हा सैलपणा आज भाड्याने आणावा लागतो आणि पोटावर घट्ट होतो.

डोंबिवली, कोथरूड किंवा नाशिकमधून निघालेल्या काकूंना यातला एकही प्रश्न छळत नाही. कनार्डच्या नियमावलीत एक कलम आहे : आपल्या देशाचा औपचारिक पोशाख चालेल. स्कॉटिश माणूस त्या कलमाखाली किल्ट घालतो. काकू पैठणी काढतात. येवल्याची, पदरावर मोर असलेली, ज्यावर आक्षेप घेण्याची हिंमत अटलांटिकवरच्या कुठल्याही अधिकाऱ्यात नाही. ही परंपराही जुनी आहे. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकायला कोलकात्याहून आगबोटीने अमेरिकेला निघाल्या, तेव्हा आपण रीतभात आणि पेहराव बदलणार नाही, असं त्यांनी निघण्यापूर्वीच जाहीर सभेत सांगून टाकलं होतं. तिथे काढलेल्या फोटोंतही त्या साडीतच आहेत. कडाक्याच्या थंडीत, परक्या गावात त्यांनी साडी निभावली. चार रात्रींच्या सिंगापूर सफरीत ती निभवायला अडचण कसली?

अडचण आहे, ती वाऱ्याची. मोठं जहाज वीस-बावीस नॉट्सने चाललं, की डेकवर उभ्या माणसाला ताशी चाळीस किलोमीटरचा वारा फुकट मिळतो. समोरूनही वारा सुटला असेल तर दोन्हींची बेरीज. सूर्यास्ताचा फोटो काढायला पैठणी नेसून डेकवर गेलेल्या काकूंचा पदर अशा वेळी शेजारच्या ऑस्ट्रेलियन गृहस्थाच्या चष्म्यावर जातो, मोरासकट. अनुभवी बायका म्हणून दोन डझन सेफ्टी पिना नेतात आणि फोटो आत, लिफ्टसमोरच्या जिन्यावर काढतात.

काकांचा प्रश्न खरा बिकट. त्यांच्याकडे एक सूट आहे. तो मुलाच्या लग्नात शिवला, त्याला आता बरीच वर्षं झाली आणि मधल्या काळात कापड होतं तेवढंच राहिलं. कपाटातून निघतो तो डांबरगोळ्यांच्या वासासकट. घरातली सुनावणी दिवाणखान्यात, आरशासमोर होते.

“अहो, श्वास सोडा की.”

“सोडला तर बटण जाईल.”

“मग जेवणार कसे?”

“बाबा, भाड्याने मिळतो हल्ली,” मुलगा सुचवतो. कुणाच्या अंगातला सूट आपण घालायचा, या कल्पनेनेच काका शहारतात. मग सफारी सूट निघतो. सफारीला ‘सूट’ म्हणतात, त्यामुळे तो नियमात बसतो, हा काकांचा युक्तिवाद कायद्याच्या दृष्टीने बिनतोड आहे. सून तो मोडीत काढते, पण आवाज न चढवता : “बाबा, फोटो फॅमिली ग्रुपवर जाणार आहेत.”

साध्या बंदगळ्याने हा सगळा पेच सुटतो. राष्ट्रीय पोशाखाचं कलम बायकांपुरतं नाही. खुद्द भारतीय नौदलाने फेब्रुवारी २०२४ मध्ये अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये कुर्ता-पायजम्याला परवानगी दिली. वर बिनबाह्यांचं जॅकेट आणि पायांत नीट पादत्राण, एवढी अट. युद्धनौका चालवणारे अधिकारी कुर्त्यात जेवू शकतात, तर निवृत्त बँक अधिकाऱ्यांना काय हरकत असावी? पण काकांच्या मते परदेशात जायचं म्हणजे सूटच, आणि झब्बा हा गणपतीत आरतीला घालायचा. या मतापुढे नौदलाचंही काही चालत नाही.

समुद्रावर काय घालावं या चिंतेने काकांच्या आधी भलेभले घेरले आहेत. ४ सप्टेंबर १८८८ रोजी अठरा वर्षांचे मोहनदास गांधी मुंबईहून विलायतेला निघाले. बोटीवर त्यांनी काळा सूट वापरला आणि मित्रांनी घेऊन दिलेला पांढरा फ्लॅनेलचा सूट किनाऱ्यावर उतरण्याच्या शुभमुहूर्तासाठी राखून ठेवला. उतरले तेव्हा सप्टेंबर संपत आला होता आणि सगळ्या इंग्लंडात पांढऱ्या कपड्यांतले ते एकटेच. बदलावेत, तर सामान आणि किल्ल्या एजंटच्या ताब्यात. शनिवारची संध्याकाळ, दुसऱ्या दिवशी रविवार. पुढे लंडनमध्ये त्यांनी बाँड स्ट्रीटवर दहा पौंड मोजून संध्याकाळचा सूटही शिवून घेतला. हे सगळं त्यांनी आत्मकथेत स्वतःच लिहून ठेवलं आहे. १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी ‘राजपुताना’ बोटीने ते पुन्हा विलायतेला गेले, ते पंचा नेसून. बकिंगहॅम राजवाड्यातल्या चहाला गेले, तेही त्याच वेशात. बॅगेचं वजन केवढं कमी झालं असेल!

वजनाचं गणित हा घरोघरचा वेगळाच अंक आहे. विमानात तेवीस किलो मिळणार असतील, तर त्यांतले पाच बाकरवडी, चकली, मेतकूट आणि लिंबाच्या लोणच्याला द्यावेच लागतात. उरलेल्या अठरांत सूट, बूट, पैठणी, तिचा परकर-ब्लाउज, थंडी वाजली तर शाल आणि ऐनवेळी पैठणी नको वाटली तर कांजीवरम. हातात धरायचा वजनकाटा बॅगेला अडकवून काका ती उचलतात, आकडा वाचण्याआधी कंबर धरतात. शेवटी फॉर्मल बूट पायांतच घालून जायचं ठरतं. फॉर्मल बूट, ट्रॅक पँट आणि कानटोपी अशा वेशात पहाटे विमानतळावर दिसणारे गृहस्थ क्रूझला निघाले आहेत, असं खुशाल समजावं.

एवढं करून नेलेला सूट खोलीत उघडला की बोहारणीने परत केल्यासारखा दिसतो. पण इस्त्री? बहुतेक कंपन्यांचा नियम स्पष्ट आहे : खोलीत इस्त्री आणायची नाही, स्टीमर नाही, पाणी तापवायची किटली नाही. समुद्रावर आगीइतकी कशाचीच भीती नसते. बॅगा चढवताना त्या यंत्राखालून जातात आणि आत इस्त्री दिसली की बॅग अडकते. मालकाने खाली जाऊन ती समक्ष सोडवायची. तिथे रांगेत एकाहून एक सभ्य माणसं अपराधी चेहऱ्याने उभी असतात. काही जहाजांवर, कनार्डवरही, प्रवाशांसाठी धुलाईघर असतं आणि तिथे इस्त्री असते. गाला इव्हिनिंगच्या दुपारी तिथला रंग चाळीतल्या नळाचा. जिथे ती सोय नाही, तिथे अनुभवी प्रवासी बाथरूममध्ये सूट टांगतो, गरम पाण्याचा शॉवर सोडतो आणि वाफेवर भरवसा ठेवतो. खोलीच्या भिंती बहुधा लोखंडी असल्याने लोहचुंबकाचे हूकही नेतात. दीडशे-पावणेदोनशे चौरस फुटांच्या त्या खोलीत मग एका भिंतीवर पैठणी, एकीवर कोट, आणि मधल्या जागेत दोन माणसं एकमेकांना “जरा सरका” म्हणत असतात.

काळ मात्र काकांच्या बाजूने चालला आहे. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० साली ‘फ्रीस्टाइल’ पद्धत आणली आणि टायची सक्ती सोडली. सेलिब्रिटी या क्रूझ कंपनीने २०१५ मध्ये फॉर्मल नाइट मोडीत काढून तिच्या जागी ‘इव्हिनिंग शिक’ आणली. वायकिंगच्या जहाजांवर फॉर्मल नाइट नाहीच. जिथे ती उरली आहे, तिथेही टाय नाही म्हणून दारातून परतवतील अशी धास्ती बाळगायचं फारसं कारण उरलेलं नाही. हाफ पँटला मात्र नकार मिळू शकतो. आपल्या कोकण बोटींना तर हा प्रश्न कधीच पडला नव्हता. भाऊच्या धक्क्यावरून निघालेला चाकरमानी आपल्या बंदराशी पडावात उतरायचा आणि पुढे पाण्यातून चालायची वेळ आली, की धोतर गुडघ्याच्या वर खोचायचा. तेवढाच ड्रेस कोड, आणि तो लाटा ठरवत.

फॉर्मल नाइट उजाडते, म्हणजे मावळते, तेव्हा ग्रुप संध्याकाळी जिन्याशी जमतो. तिथे जहाजाचे फोटोग्राफर पडदे लावून तयार असतात : एकावर सूर्यास्त, एकावर राजवाड्याचा जिना. खरा सूर्यास्त दहा पावलांवर काचेबाहेर चाललेला असतो, पण त्याच्यापुढे दिवे लावता येत नाहीत. फोटोग्राफर काकांचा हात काकूंच्या खांद्यावर ठेवतो. लग्नानंतर चारचौघांत हे पहिल्यांदाच. काकू पदर पसरून सांगतात, “मोर यायला पाहिजे हं.” त्याला मराठी कळत नाही, पण मोर कळतो. उद्या गॅलरीत या फोटोची डॉलरमधली किंमत रुपयांत मोजून दोघं तो जागच्या जागी ठेवून येतील. आज मात्र फोटो मन लावून काढून घेतात, दोन्ही पडद्यांपुढे.

मग डायनिंग हॉल. वेटर खुर्ची ओढतो, काका जपून, कणा ताठ ठेवून, टप्प्याटप्प्याने बसतात. बटण टिकतं. नॅपकिन मांडीवर पसरला जातो. त्याच्या आडून काका आधी कोटाचं बटण सोडतात, मग पँटचा हूक, आणि पहिल्यांदाच मोकळा श्वास घेऊन वेटरला विचारतात, की गोडात काय काय आहे.