उत्तरबहाद्दरास खुले पत्र

उत्तरबहाद्दर महाशय,

पत्राच्या आरंभी ‘सा. न. वि. वि.’ लिहिण्याची आपल्याकडे रीत आहे. पण नमस्कार घालायचा तर समोर कोण आहे ते कळायला हवं. ‘एका ओळीत जनरल नॉलेज’ म्हणून तुम्ही जी पानं इंटरनेटवर ओतता, त्यांत प्रश्न असतो, ठळक टायपातलं उत्तर असतं, मधे जाहिराती असतात. ते उत्तर कुणी शोधलं, कुठून घेतलं, कधी तपासलं, एवढंच नसतं. म्हणून नमस्कार राखून ठेवतो आणि थेट आरोपावर येतो. चूक कुणाचीही होते, छापील ग्रंथांतही होते. तुमचा गुन्हा त्याहून मोठा आहे. उत्तरापर्यंत जाणारी वाटच तुम्ही पुसून टाकता, त्यामुळे चूक झाली तर ती नेमकी कुठे झाली हे कुणाला शोधताही येत नाही.

तुमच्या आवडत्या प्रश्नापासून सुरुवात करू. भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता? तुमच्या पानावर उत्तर तयार असतं : हॉकी. 2012 मध्ये लखनौच्या एका शाळकरी मुलीने माहितीच्या अधिकारात सरकारला हाच प्रश्न विचारला. 2020 मध्ये आपल्या धुळे जिल्ह्यातल्या एका शिक्षकानेही विचारला. दोन्ही वेळा क्रीडा मंत्रालयाचं उत्तर एकच होतं : कोणत्याही खेळाला राष्ट्रीय खेळ म्हणून घोषित केलेलं नाही. हॉकीने ऑलिम्पिकची आठ सुवर्णपदकं आणली, तिचा मान कुणी नाकारत नाही. पण मान वेगळा आणि घोषणा वेगळी. मंत्रालयाला न सापडलेली घोषणा तुम्हाला सापडली असेल, तर तो कागद दाखवा. एका शाळकरी मुलीला जे सुचलं ते तुम्हाला इतक्या वर्षांत का सुचू नये?

तुमची दुसरी खोड म्हणजे प्रश्नातली अट कापणं. प्रश्न एका ओळीत बसवायचा म्हणून तुम्ही नेमका तोच शब्द उडवता ज्यावर उत्तर उभं असतं. ‘सह्याद्रीतील सर्वोच्च शिखर : कळसूबाई.’ महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर म्हणा, 1646 मीटर म्हणा, कुणाची हरकत नाही. पण सह्याद्री म्हणजे संपूर्ण पश्चिम घाट धरला, तर केरळातलं अनाइमुडी 2695 मीटर उंच आहे. ‘भारतातील पहिली रेल्वे : 1853, बोरीबंदर ते ठाणे.’ ‘प्रवासी’ हा शब्द कुठे गेला? 1837 मध्ये मद्रासजवळच्या रेड हिल रेल्वेवरून दगड वाहिले जात होते आणि 1851 मध्ये रुडकीजवळ गंगेच्या कालव्याच्या कामावर वाफेचं इंजिन माती ओढत होतं. 16 एप्रिल 1853 चं महत्त्व यामुळे कमी होत नाही. उलट त्या दिवशी नेमकं काय प्रथम घडलं, हे त्या एका शब्दामुळे कळतं.

आणि पहिला भारतीय चित्रपट? दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लोकांसमोर आला. त्याच कॉरोनेशनमध्ये 18 मे 1912 रोजी दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ दाखवला गेला होता. मग पहिला मान फाळक्यांना का? कारण ‘पुंडलिक’ हे रंगभूमीवरच्या नाटकाचं चित्रण होतं, कॅमेऱ्यामागे इंग्रज माणूस होता आणि फिल्मवरची प्रक्रिया लंडनला झाली, असा युक्तिवाद केला जातो. तो पटो न पटो, वाचणाऱ्याला तो कळायला हवा. ‘पहिला’ कशाला म्हणायचं यावर दोन बाजू मांडता येतात, हेच या प्रश्नातलं खरं ज्ञान आहे. तुमच्या एका ओळीत तोरण्यांना जागा नाही आणि फाळक्यांना मान का मिळाला यालाही नाही.

तुम्हाला पूर्वजही आहेत. फ्रेड वर्थ या अमेरिकन लेखकाने 1974 मध्ये अशाच किरकोळ माहितीचा एक कोश काढला. चोर पकडता यावा म्हणून त्याने त्यात एक खोटी नोंद मुद्दाम पेरली : टीव्हीवरच्या कोलंबो या गुप्तहेराचं पहिलं नाव फिलिप. पुढे ‘ट्रिव्हियल पर्सूट’ हा प्रश्नोत्तरांचा खेळ जगभर गाजला आणि त्यातल्या एका कार्डावर उत्तर निघालं : फिलिप. वर्थने 1984 मध्ये 30 कोटी डॉलरचा दावा ठोकला. खेळाच्या कर्त्यांनी त्याचा कोश वापरल्याचं कबूल केलं, तरीही तो हरला, कारण तथ्यांवर कुणाची मालकी नसते असं न्यायालयाने ठरवलं. कायद्याने सुटले म्हणजे उत्तर बरोबर ठरत नाही. ज्याने कोश उघडण्याऐवजी मालिकाच पाहिली असती, तो त्या सापळ्यात अडकला नसता.

तेव्हा खोटी नोंद पसरायला छापखाना लागायचा. पुढे तोही लागेना. 2008 मध्ये एका अमेरिकन विद्यार्थ्याने विकिपीडियावर कोआटी या दक्षिण अमेरिकेतल्या प्राण्याला गंमत म्हणून ‘ब्राझिलियन आर्डवार्क’ असं टोपणनाव चिकटवलं. काही वर्षांत ते ब्रिटिश वृत्तपत्रांत आलं. मग त्याच वृत्तपत्रांचा आधार देऊन ते विकिपीडियावर पक्कं झालं. थट्टेने स्वतःच स्वतःचा पुरावा तयार केला! हा बनाव 2014 मध्ये उघडकीला आला, आणि विकिपीडियावर प्रत्येक बदलाचा इतिहास जपलेला असल्याने तो कुणालाही तपासता येतो. तुमच्या पानावर असा इतिहास कुठे आहे?

‘पण हेच उत्तर बारा ठिकाणी आहे,’ असं तुम्ही म्हणाल. त्या बारा ठिकाणचं वाक्य अवतरणचिन्हांत घालून एकदा शोधा. तोच स्वल्पविराम, तीच ऱ्हस्वदीर्घाची चूक बाराही ठिकाणी सापडेल. एकाच माणसाने पंचनाम्यावर बारा पंचांच्या सह्या ठोकाव्यात, तसा हा प्रकार आहे. शोधणं म्हणजे त्या बारांतून मागे मागे जात मूळ साक्षीदार गाठणं. सरकारी प्रश्न असेल तर राजपत्र किंवा मंत्रालयाचं उत्तर पाहायचं. पान गुपचूप बदललं असा संशय आला, तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्याची जुनी रूपं चाळायची. मराठी विश्वकोश आता घरबसल्या उघडता येतो आणि तिथे नोंद कुणी लिहिली ते नोंदीखाली वाचायला मिळतं. दावा आणि घटना यांच्या तारखाही जुळवायच्या. चीनची भिंत चंद्रावरून दिसते, हे विधान ‘बिलीव्ह इट ऑर नॉट’ या सदरात 1932 मध्ये छापलं गेलं, म्हणजे पहिला अंतराळवीर गागारिन अवकाशात जाण्याच्या 29 वर्षं आधी. मग पाहून आलं कोण? 2003 मध्ये चीनचाच अंतराळवीर यांग लीवेइ पृथ्वीभोवती फिरून आला आणि भिंत दिसली नाही असं त्याने सांगितलं. एवढी पडताळणी करायला मोबाइल पुरतो. ती केली नाही हा आळस, आणि न करताही खात्रीच्या सुरात लिहिलं ही फसवणूक.

याची किंमत कोण मोजतं, ते तुम्ही ऐकायलाच हवं. पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांत, जिल्ह्याच्या ठिकाणी भाड्याच्या खोल्यांत पोरं-पोरी तुमची पानं पाठ करतात. घरून आलेले पैसे मोजून खर्च करत, रात्री जागून पाठ करतात. त्यांच्या परीक्षेत एका गुणाने नोकरी हुकते, चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. लोकसेवा आयोगाच्या उत्तरतालिकेवर हरकत घ्यायची तर त्यांना पुरावा जोडावा लागतो. तुम्ही मात्र त्यांना एकही पुरावा न देता उत्तर घोकायला लावता. आता तर शोधयंत्रंही पानाच्या माथ्यावर चौकटीत आयतं उत्तर मांडतात आणि ते तुमच्यासारख्यांच्या पानांतूनही उचललेलं असतं. म्हणजे तुमची चूक टाळायची तरी कशी?

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक उत्तराखाली तीन गोष्टी लिहा : मूळ आधार कोणता, तो कधी पाहिला आणि उत्तर कोणत्या अटीवर खरं आहे. चूक दाखवली तर ती दुरुस्त करा आणि दुरुस्तीची तारीख टाका. हे जमत नसेल तर उत्तराची जागा कोरी सोडा. कोरी जागा दिसली की वाचणारा स्वतः शोधायला निघतो. तुमचं ठळक उत्तर दिसलं की तो थांबतो.

उत्तरं पडताळून पाहणारा,
एक वाचक