मानाचा मासा

2023 साली महाराष्ट्र सरकारने पापलेटला, म्हणजेच सरंग्याला, राज्यमासा जाहीर केलं. राज्यप्राणी शेकरू, राज्यपक्षी हरियाल, राज्यफूल ताम्हण यांच्या पंगतीत सरंगाही बसला. बसला आणि लगेच वाढलाही गेला. (आंबा राज्यवृक्ष असूनही आपण खातोच, पण झाडासकट नाही.)

त्याच वर्षी नियमही आला: 135 मिलिमीटरपेक्षा छोटं पापलेट पकडायचं नाही. मरण्यापूर्वी एकदा तरी अंडी घालू द्यावीत, एवढीच माफक अपेक्षा. पण जाळ्याचा आस बारीक, आणि पिल्लाकडे जन्मदाखला नसतो. बाजारात तळहाताहून लहान पापलेटांचे वाटे लागतात. ‘‘घे गं बाय, काटा लागायचा नाय!’’ लागेल कसा? काटा धरायचं वयच झालं नव्हतं. हॉटेलच्या मेन्यूकार्डावर मात्र पापलेटपुढे ‘दर साइजप्रमाणे’ असं छापलेलं असतं. राज्यात माशाची साइज मनापासून बघणारं तेवढं एकच खातं.

एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर 2017 पासून बंदी आहे. रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं, की ही बंदी क्षितिजावर लखलखताना दिसते.

1 जून ते 31 जुलै मात्र यांत्रिक नौका खरोखर बंद असतात. मासे विणीला लागतात आणि खवय्ये ‘‘ताजं काही मिळतच नाही हो’’ म्हणत नारळी पौर्णिमेकडे डोळे लावतात. मग समुद्राला नारळ वाहिला जातो, भक्तिभावाने, प्लास्टिकच्या पिशवीसकट.