शिरपेच

मी नेमकं काय काम करते, हे आईला अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही. शेजारच्या काकूंनी विचारलं की ती म्हणते, "कंप्युटरमधलं मराठी तपासते ती." काकू म्हणतात, "म्हणजे पेपर तपासते? बोर्डाचे?" आई पुढे काही बोलत नाही. बोर्डाच्या पेपरला मान आहे, तो घरात आयता चालत आला तर कशाला घालवा!

खरं काम असं : मोबाइलच्या ॲपमध्ये बटणांवर, सूचनांत, इशाऱ्यांत जे मराठी दिसतं, ते आधी इंग्रजीतून कुणीतरी केलेलं असतं. हल्ली बहुधा यंत्राने. ते मराठी आहे की नुसतीच देवनागरी, हे बघायचं माझ्याकडे. अशा एकेका तुकड्याला धंद्यात 'स्ट्रिंग' म्हणतात. मेथी निवडावी तशा मी दिवसाला तीनशे स्ट्रिंगा निवडते. जुडी मोठी दिसते, हाती पानं थोडीच लागतात.

जव्हारला आमच्या आळीत मोबाइलची रेंज येते आणि जाते, जाते जास्त. म्हणून लॅपटॉप घेऊन मी शिरपामाळावर जाऊन बसते. १६६४च्या जानेवारीत सुरत लुटली, त्या मोहिमेच्या वाटेवर शिवाजी महाराज या माळावर थांबले, जव्हारचे राजे विक्रमशहा त्यांना भेटायला आले आणि त्यांनी महाराजांना मानाचा शिरपेच दिला, म्हणून हा शिरपामाळ, असं आमच्याकडे पोरासोरांनाही पाठ असतं. सुरतेच्या वाटेवरच्या त्याच माळावर बसून मी 'पासवर्ड विसरलात?' याला बरं मराठी शोधते. माळाने पूर्वी बरे दिवस पाहिलेत.

चुकांचे नमुने द्यायचे तर वही भरली आहे. खिडकी बंद करायच्या बटणावर 'जवळ'. गाडीची जागा राखून ठेवायची तिथे 'पुस्तक करा'. मुदतीचे दोन दिवस उरले, तर '२ दिवस डावे'. खात्यातली चालू शिल्लक म्हणजे 'विद्युत शिल्लक', जणू हात लावला तर झटका बसेल. एका ॲपमध्ये महिन्यांची यादी होती : जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, कदाचित, जून. 'मे'चं कदाचित झालं होतं. मोखाड्याकडच्या पाड्यांवर त्या महिन्यात पाण्याचा टँकर कसा येतो, हे ज्याने पाहिलंय, त्याला ही चूक दुरुस्त करताना जरा जड जातं.

यात भाषांतर करणाऱ्याला शिव्या घालून उपयोग नाही. त्याच्यासमोर एक तक्ता असतो. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे रिकामा चौकोन. तो शब्द कुठल्या पडद्यावर बसणार, त्याच्या शेजारी काय असणार, त्यावर बोट कोण ठेवणार, यातलं काही त्याला कुणी सांगत नाही. नुसती पत्रिका पाहून जमवलेलं लग्न असतं ते. शब्दाला शब्द जुळतो, छत्तीसच्या छत्तीस गुण, आणि पहिल्याच दिवशी सून 'बंद' म्हणते तिथे सासूला 'जवळ' ऐकू येतं.

पण असले शब्द बदलले की भागतं. मराठीचा खरा इंगा सामान्यरूपात आहे. ॲप बनवणारे वाक्यात एक भोक ठेवतात आणि म्हणतात, इथे गावाचं नाव आपोआप येईल. इंग्रजी नाव ताठ असतं, कुठेही ठोका, तसंच राहतं. आमची नावं प्रत्यय लागायच्या आधी वाकतात. मोखाडा जाताना 'मोखाड्याला' होतो, खोडाळा येताना 'खोडाळ्याहून' होतो. यंत्राला वाकवणं जमत नाही, मग ते म्हणतं, 'तुम्ही मोखाडा ला पोहोचलात'. नाव आणि 'ला' यांच्यामधली ती मोकळी जागा पाहिली की मला पडलेल्या दाताची आठवण येते. यावर उपाय एकच : वाक्यच मोडायचं आणि 'पोहोचण्याचं ठिकाण : मोखाडा' असं लिहून नाव उभंच्या उभं ठेवायचं. विभक्ती टाळली म्हणून शाळेत पट्टी खाल्ली होती. आता विभक्ती टाळल्याचे पैसे मिळतात.

तिसरा प्रकार भुताटकीचा. जव्हारच्या सहलीची माहिती देणाऱ्या एका ॲपमध्ये वाक्य होतं, 'येथील खोल दऱ्या पर्यटकांना भुरळ घालतात.' तपासलं तेव्हा बरोबर होतं. फोनवर आलं तेव्हा 'येथील खोल दर्या पर्यटकांना भुरळ घालतात.' दर्या आमच्या जिल्ह्यात आहे, पण तो डहाणूला. जव्हारच्या वाट्याला दऱ्याच आल्या. दोष शोधायला दीड दिवस गेला. 'दऱ्या'मधला तो आडवा अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो, आणि त्यातल्या जुन्या तऱ्हेत र आणि य यांच्यामध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह टाकावं लागतं. रुंदी शून्य. मजकूर साफ करणाऱ्या कुठल्याशा प्रोग्रामला ते चिन्ह कचरा वाटलं, त्याने ते झाडून टाकलं, आणि दरीत समुद्र शिरला. ज्याचं काम दिसत नाही त्याला आधी काढतात, हे मी नोकरीत पाहिलं होतं. अक्षरांतही तसंच चालतं, हे तेव्हा कळलं.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग नागलीचं ॲप आलं.

शेतकऱ्यांनी नागली-वरई किती पिकवली ते नोंदवायचं आणि एकत्र विकायचं, अशी त्याची कल्पना होती, आणि चांगली होती. मी म्हटलं, या खेपेला तक्ता बाजूला ठेवू, माणसांसमोर वाचून बघू. मोखाड्याच्या वाटेवरच्या एका पाड्यावर, बचत गटाच्या बायका जमल्या होत्या त्या ओट्यावर, फोन मधे ठेवला. पिकांची यादी उघडली. नागली कुठेच नव्हती. तिच्या जागी होती 'बोट बाजरी'. वरईच्या जागी 'लहान बाजरी'.

एक बाई पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिचं मांडीवरचं पोर जागं झालं. दुसरीने मात्र उठून आतून नागलीचं कणीस आणलं आणि माझ्यासमोर धरलं. बोटं जरा मिटून घेतलेल्या हातासारखं ते दिसतं. "बघ," ती म्हणाली, "बोट म्हणणारा नाय चुकला. बाजरी म्हणणारा चुकला." इतका न्यायी शेरा मला आजवर एकाही वरिष्ठाने दिलेला नाही. पुढचा प्रश्न होता, 'कान सुकवले आहेत का?' धान्याच्या कणसाला इंग्रजीत कान म्हणतात, हे मी सांगितलं. त्यावर त्यांनी एकमेकींचे कान चाचपून पाहिले आणि ओलेच असल्याचा निर्वाळा दिला.

मग तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांनी फोन हातात घेतला. त्यांनी नाव भरलं, पीक निवडलं, क्षेत्राचा चौकोन रिकामा ठेवून पुढचं बटण दाबलं. चौकोनाखाली लाल अक्षरं उमटली : 'हे शेत आवश्यक आहे.'

बाबांनी फोन ओट्यावर ठेवला, तापलेला तवा ठेवावा तसा.

"कोणाला?" त्यांनी विचारलं.

"काय कोणाला, बाबा?"

"शेत. कोणाला आवश्यक आहे?"

हसणं थांबलं. बाबांचा प्लॉट वनपट्ट्याचा होता. २००६च्या वनहक्क कायद्याखाली दावा टाकून, कचेरीत खेटे घालून, कागदावर कागद जोडून तो नावावर झाला होता. अशा माणसाला लाल अक्षरांत 'हे शेत आवश्यक आहे' असं कुणी कळवलं, तर तो त्याला नोटीस म्हणणार, सूचना नाही. "माझा अंगठा लागला काय पोरी कुठं?" त्यांनी आपल्या अंगठ्याकडे बघत विचारलं.

मी घाईघाईने समजावलं, की फॉर्ममधल्या रिकाम्या चौकोनाला इंग्रजीत 'फील्ड' म्हणतात, फील्ड म्हणजे शेत, यंत्राने तेच उचललं, चौकोन भरायचा राहिलाय एवढंच त्याला म्हणायचं होतं.

"चौकोनी शेत?" बाबा म्हणाले. आजूबाजूच्या उतारावरची वाकडीतिकडी खाचरं त्यांनी एकदा बघून घेतली. "आणि त्यात पिकतं काय?"

"माहिती."

"कापून कोण नेतं?"

याचं उत्तर माझ्या हुद्द्याला झेपणारं नव्हतं. मी चहा घेतला.

माळावर परत आले आणि कंपनीची अधिकृत शब्दयादी उघडली. या यादीला ग्लॉसरी म्हणतात आणि तिच्याबाहेर जायचं नसतं. फील्डला तिथे शब्द होता 'क्षेत्र'. म्हणजे 'हे क्षेत्र आवश्यक आहे'. आधी बाबांचं एकट्याचं शेत चाललं होतं, आता अख्खा पाडा उठला असता. 'रकाना' हा चांगला शब्द मी सुचवला होता, तर तो 'जुनाट वाटतो' म्हणून नापास झाला होता.

वरून शब्दांची यादी येणं आपल्याला नवं नाही. ज्यांच्या मुक्कामावरून या माळाला नाव पडलं, त्या महाराजांनीच रघुनाथपंत हणमंत्यांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला. दरबारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत शब्द, चौदाशेच्या आसपास. आमच्या धंद्याचे मूळपुरुष म्हणून मी रघुनाथपंतांना मनातल्या मनात नमस्कार करते. १६७४ला राज्याभिषेक झाला तेव्हा मुजुमदारांचे अमात्य झाले, सुरनिसांचे सचिव, वाकनिसांचे मंत्री, सरनोबतांचे सेनापती आणि पेशव्यांचे मुख्य प्रधान. पुढे काय झालं ते बघण्यासारखं आहे. सचिव आणि मंत्री आज मुंबईत मंत्रालयात बसतात. ते शब्द लोकांनी पचवले. पण पेशव्यांच्या शिक्क्यावर 'मुख्य प्रधान' उमटत राहिलं आणि लोकांच्या तोंडी ते पेशवेच राहिले. मुजुमदार आणि वाकनीस तर अजून दारावरच्या पाट्यांवर आहेत. छत्रपतींच्या यादीतलेही सगळे शब्द लोकांनी घेतले नाहीत, तिथे आमच्या कंपनीच्या यादीची काय कथा!

आणि ज्याच्यावरून हा माळ, तो शिरपेच तरी कुठला? तो संस्कृत शिर नव्हेच. मूळ फारसी 'सरपेच' : सर म्हणजे डोकं, पेच म्हणजे वेढा. मराठी तोंडात गेला आणि 'सर'चं 'शिर' झालं. समिती बसली नाही, बैठकीचा चहा झाला नाही. माळाला चिकटताना त्याचा 'पेच'ही अर्धा गळला आणि उरला शिरपा. अक्षरमर्यादासुद्धा पाळली! यंत्राला आज 'शिरपेच' दिला तर ते 'डोक्याची अडचण' असं भाषांतर करेल. काकूंना माझा हुद्दा सांगायला आईला तेवढं पुरेल.

पुढच्या आठवड्यात पाड्यावर गेले, ती यादी न घेता. बाबांना म्हटलं, "हा चौकोन रिकामा राहिला, तर फोनने तुम्हाला काय म्हणावं?"

"त्यात म्हणायचं काय?" बाबा म्हणाले. "हे भरायचं राहिलं, म्हणायचं."

मी तेच लिहून पाठवलं. तपासणीतून शेरा आला : फार घरगुती, ग्लॉसरीत नाही, 'हे क्षेत्र भरणे अनिवार्य आहे' असे करावे. मी कारणं दिली. शेतकरी, वनपट्टा, नोटीस, अंगठा, सगळं लिहिलं. उत्तरादाखल ग्लॉसरीच पुन्हा जोडून आली. असे तीन आठवडे गेले. मग एके दिवशी अचानक मंजुरी आली, आणि तीही मराठी पटलं म्हणून नव्हे. लहान पडद्याच्या फोनवर त्यांचं वाक्य मावत नव्हतं. 'हे क्षेत्र भरणे अ…' एवढंच दिसत होतं. बाबांचं वाक्य मात्र पूर्ण बसलं.

नवं ॲप आल्यावर बाबांच्या शेजारी ओट्यावर बसून राहिले. यादीत नागली होती, वरई होती. बाबांनी क्षेत्राचा चौकोन मुद्दाम रिकामा सोडला आणि पुढचं बटण दाबलं. लाल अक्षरं आली. त्यांनी एकेका शब्दाखाली बोट ठेवून वाचलं, "हे… भरायचं… राहिलं." मग मान डोलावली. "हां. राहिलंय खरं." आणि वीस गुंठे भरले.

मी मनातल्या मनात शिरपेच चढवत होते, तेवढ्यात पडद्यावर पुढचा प्रश्न आला : 'तुम्हाला खात्री आहे का?'

बाबांनी माझ्याकडे वळून विचारलं, "कशाची?"

मी पुन्हा पडद्यावर पाहिलं. कशाची, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी वही उघडली.