रिकामा फ्रीज घेऊन निघा

कॅम्पर व्हॅनवर माझा राग नाही. राग आहे तो तिच्यातल्या भरलेल्या फ्रीजवर.

बेंगळुरूच्या जयनगरातून शनिवारी पहाटे निघणाऱ्या या गाड्या आता ओळखीच्या झाल्या आहेत. मूळ गाडी बऱ्याचदा आपल्या पुण्याच्या फोर्स मोटर्सची ट्रॅव्हलर असते. बेंगळुरूत तिला सगळे ‘टीटी’ म्हणतात. आतल्या सीट काढायच्या, दोन पलंग ठोकायचे, एका बाजूला ओटा आणि शेगडी, ओट्याखाली पाण्याची टाकी, मागे इवलंसं शौचालय, टपावर सोलर. फिरतं घर तयार. ते भाड्याने मिळतं, हवा तर ड्रायव्हरही मिळतो. सावनदुर्ग, स्कंदगिरी, रामनगर, कब्बाळदुर्ग हे सगळे डोंगर एका दमात गाठण्याजोगे. आठवडाभर सिल्क बोर्डच्या चौकात अडकलेल्या माणसाने दोन दिवस डोंगरावर जाऊन मोकळा श्वास घ्यावा, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. मुलांनी तारे बघावेत, आईबाबांनी फोन बंद ठेवावेत. सगळं मान्य.

आमच्या गल्लीतले एक बेळगावकर शेजारी व्हॅन भरत होते. विचारलं, “काय काय घेतलंत?” म्हणाले, “सगळं घेतलंय बघा. बियर, पनीर, अंडी, ब्रेड, बर्फ, पाण्याचे कॅन. तिथं कुणाकडं काय मागायला नको.”

दुखणं नेमकं इथेच आहे. कुणाकडे काही मागायला नको, ही व्हॅनवाल्यांची सगळ्यात मोठी फुशारकी, आणि डोंगराच्या पायथ्याच्या गावाचं सगळ्यात मोठं नुकसान तेच. पूर्वी शहरातला माणूस बसने यायचा. त्याला तहान लागायची, भूक लागायची, रस्ता विचारावा लागायचा. त्या प्रत्येक गरजेतून गावात चार पैसे पडायचे आणि चार शब्द बोलले जायचे. आता दोन दिवस गाडी गावात उभी राहते आणि गावाला काय मिळतं? धूळ, रात्री अकरापर्यंतची गाणी आणि सोमवारी उचलायच्या बाटल्या. खरेदी झाली जयनगरच्या सुपरमार्केटात, कचरा झाला सावनदुर्गाच्या मागडी तालुक्यात.

गाव वगळून पुढे जाण्याची सवय आपल्याला रस्त्यांनीही लावली आहे. बेंगळुरू-म्हैसूर द्रुतगती मार्गाचं मार्च २०२३ मध्ये उद्घाटन झालं. सुमारे १२० किलोमीटरचा हा रस्ता रामनगर, चन्नपट्टण, मद्दूर, मंड्या या गावांना वळसा घालून जातो. वेळ वाचला, हे खरंच. पण चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यांची दुकानं आणि मद्दूरचे वडेवाले जुन्या रस्त्यावरच राहिले आणि गिऱ्हाईक वरून निघून गेलं. मद्दूर म्हणजे शहाळ्यांची देशातली नावाजलेली बाजारपेठ. तिच्या शेजारून शंभरच्या वेगाने जायचं आणि फ्रीजमधून खोक्यातलं नारळपाणी काढून प्यायचं, याला प्रवास म्हणवत नाही. मद्दूरला बाहेर पडा. दहा मिनिटं जातील. वडा खा, शहाळं फोडून घ्या, मुलांना मलई खरवडायला शिकवा.

आता पेयांबद्दल बोलू, कारण ‘लोकल ड्रिंक्स’ हा या सहलींचा लाडका शब्द आहे. लोकल म्हणजे जयनगरातल्या दारूच्या दुकानातून घेतलेली क्राफ्ट बियर नव्हे. सावनदुर्गच्या परिसरातलं खरं लोकल पेय म्हणजे अंबली, आपली नाचणीची आंबील. नाचणीचं पीठ गार पाण्यात कालवायचं, उकळत्या पाण्यात सोडून गुठळी न होऊ देता शिजवायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी त्याला हलकीशी आंबूस चव येते. मग त्यात ताक, मीठ, बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची. स्टीलच्या उंच पेल्यात ओतलं की वर कांदा तरंगतो, खाली नाचणीचा करडा-तांबूस साका बसतो. प्रत्येक घोटाआधी पेला हलवावा लागतो. हा पेला पोटात असला की दुपारपर्यंत भुकेची आठवण होत नाही.

तिच्या जोडीला मज्जिगे, म्हणजे कोथिंबीर, आलं, हिंग, मिरची ठेचून घातलेलं पातळ ताक. पायथ्याशी म्हातारी बाई छत्रीखाली कळशी घेऊन बसलेली दिसली तर पुढे जाऊ नका. “अज्जी, ओंदु मज्जिगे कोडी,” एवढं कन्नड कुणालाही जमतं. ती पेला भरेल, कुठून आलात विचारेल, आणि खडक कुठे निसरडा आहे तेही सांगेल. ही शेवटची माहिती कुठल्याही ॲपवर मिळत नाही.

सावनदुर्ग हा १२२६ मीटर उंचीचा, जवळजवळ उघडा ग्रॅनाइटचा डोंगर. आशियातल्या मोठ्या एकसंध खडकांमध्ये त्याची गणना होते. झाडाची सावली थोडी, चढ सरळ, दहा वाजल्यापासून खडक तापायला लागतो. अशा जागी शरीरातून पाणी आणि मीठ दोन्ही जातात, आणि अंबली-ताकात दोन्ही असतात. इथल्या शेतकऱ्यांनी हे पेय उन्हात राबण्यासाठीच घडवलं आहे. दारू नेमकं उलटं करते: लघवीवाटे पाणी बाहेर टाकते, तोल बिघडवते आणि धीट नसलेल्या माणसाला धीट करते. सावनदुर्गावर घसरून माणसं मेली आहेत. तिथे बियर घेऊन चढणं हा वेडेपणा आहे, आणि मुलांसमोर चढणं हा गुन्हा आहे.

यावर व्हॅनवाल्यांचं उत्तर तयार असतं: “रात्री पिऊन तिथेच झोपतो, गाडी कुठे चालवतो?” रात्री एक वाजेपर्यंत पिऊन पहाटे चारला सूर्योदयासाठी उठणाऱ्याच्या रक्तात दारू शिल्लक असते. यकृत साधारण तासाला एक पेग एवढाच निपटारा करतं, मग कॉफी कितीही कडक घ्या. मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. मागे पलंग बसवलेत म्हणून हे कलम गळून पडत नाही.

प्यायचीच असेल तर जागा बघून प्या. नंदी हिल्सच्या पायथ्याला १९९० च्या दशकापासून फ्रेंच जातीच्या द्राक्षांची वाइन निघते. बेंगळुरूच्या उत्तरेला बेंगलोर ब्लू ही भौगोलिक मानांकन मिळालेली द्राक्षं पिकतात. त्या मळ्यात जा, ज्याने पिकवलं त्याच्या पदरात पैसे टाका, बसून प्या आणि तिथेच मुक्काम करा. गोव्यात एप्रिल-मेमध्ये गेलात तर काजूच्या बोंडांची हुर्राक मिळते. ती पहिल्या धारेची, फार दिवस न टिकणारी, म्हणून त्या मोसमात आणि त्या मातीतच प्यायची. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गावातल्या तावेर्नमध्ये सावलीत बसून, मीठ-मिरची घालून हुर्राक घेणाऱ्याशी माझं काहीच भांडण नाही. भांडण आहे ते कड्यावर बाटली फोडणाऱ्याशी.

गोव्याचा विषय निघालाच आहे तर एक बोचणारी गोष्ट सांगतो. तिथे २०१९ मध्ये पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करणं, दारू पिणं, बाटल्या फोडणं यांना दंड लागू झाला: तेव्हा एकट्याला २,००० रुपये, टोळक्याला १०,०००. हा कायदा कडक झाला तो बसगाड्या भरून येणाऱ्या आणि रस्त्याच्या कडेला गॅस पेटवून भात शिजवणाऱ्या लोकांमुळे. त्यांना सगळ्यांनी नावं ठेवली. त्यांच्याकडे हॉटेलचे पैसे नव्हते, म्हणून ते रस्त्यावर शिजवत होते. आणि आपण? चांदवा लावलेल्या चकचकीत व्हॅनसमोर, त्याच किनाऱ्यावर, तोच गॅस पेटवून पास्ता शिजवतो आणि फोटो टाकतो. लोक त्याला ‘व्हॅन लाइफ’ म्हणून वाहवा देतात. काम एकच, खरकटं एकच. फरक फक्त गाडीच्या किमतीचा. नियम दोघांनाही एकच असला पाहिजे, आणि लाजही दोघांना सारखीच वाटली पाहिजे.

गाडीत संसार भरून निघण्याची कला आपल्याकडे नवीन नाही. रायबाग तालुक्यातल्या चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेला सांगली-कोल्हापूरकडची कुटुंबं बैलगाड्या जुंपून जातात, गाडीशेजारीच चूल मांडतात, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात, गाडीखाली झोपतात. पण भंडारा घ्यायचा तो तिथल्या बाजारातून, नारळही तिथलाच, पोरांची खेळणीही तिथलीच. त्यांची गाडी भरलेली असली तरी यात्रेचं गाव त्यांच्यावर जगतं. जयनगरच्या सुशिक्षित माणसाला एवढं कळू नये, याचं मला दुःख होतं.

कचऱ्याचंही तेच. जयनगरात रोज सकाळी ऑटो टिप्पर येतो. ओला वेगळा, सुका वेगळा, सॅनिटरी कागदात गुंडाळून वेगळा. चुकलं की तो माणूस डबा परत करतो आणि आपण मुकाट्याने वेगळं करून देतो. हीच शिस्तीची माणसं डोंगरावर चिप्सची पाकिटं खडकाच्या फटीत कोंबून येतात. रामनगरचा रामदेवर बेट्टा २०१२ मध्ये गिधाडांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. सावनदुर्गाच्या खडकांवर पिवळ्या गळ्याचा बुलबुल राहतो. दक्षिण भारतातल्या अशा मोजक्या खडकाळ टेकड्या सोडल्या तर तो जगात कुठेच नाही. त्याच्या घरात स्पीकर लावून नाचायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

आणि व्हॅनमधलं ते इवलंसं शौचालय. त्याची पेटी भरते, आणि ती कुठे रिकामी केली हे कुणी विचारत नाही. ओढ्यात केली असेल तर खालच्या वस्तीत रविवारी तेच पाणी भरलं जातं. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, केरळनेही त्याच वर्षी ‘केरवन’ योजना आणली आणि पुढे वागमोणला कॅरॅव्हॅन पार्क उभं राहिलं. अशा पार्कचा खरा उपयोग वीज, पाणी आणि मैला टाकायची सोय एका जागी असण्यात आहे. कर्नाटकातल्या प्रत्येक गर्दीच्या डोंगराच्या पायथ्याला अशी जागा हवी, आणि ती ग्रामपंचायतीच्या हाती हवी. रात्रीचं भाडं पंचायतीच्या खात्यात, अंबली-ताकाचा आणि जेवणाचा ठेका गावातल्या महिला बचत गटाला. गाडी लावायची तर तिथेच.

माणसांची संख्याही आवरली पाहिजे. जानेवारी २०२४ मध्ये प्रजासत्ताक दिनाला जोडून आलेल्या सुट्टीत कर्नाटकातल्याच कुमार पर्वतावर माणसांची रांग लागली. त्यानंतर वनखात्याने ऑनलाइन नोंदणीशिवाय चढाई बंद केली. पुढे ‘अरण्य विहार’ संकेतस्थळ आलं आणि एका वाटेवर दिवसाला फार तर ३०० जण असा नियम झाला. लोक कुरकुरले. मी म्हणतो, उत्तम झालं. याच कुमार पर्वताच्या वाटेवर भट्टर मने नावाचं एक घर आहे. भाड्याची व्हॅन नव्हती तेव्हापासून त्या घराने दमलेल्या चढणाऱ्यांना भात, सांबार आणि ताक वाढलं. डोंगर चढणाऱ्या पिढ्यांच्या तोंडी शिखराइतकंच त्या घराचं नाव आहे. बरोबर नेलेल्या सँडविचची आठवण कुणी काढत नाही.

तेव्हा पुढच्या शुक्रवारी व्हॅन ठरवाल तेव्हा एवढं करा. फ्रीज रिकामा ठेवा. पाणी, औषधं आणि लहान मुलाचं दूध सोडून काही भरू नका. भाजी वाटेतल्या संतेत, म्हणजे आठवडी बाजारात घ्या, जेवण गावात सांगून ठेवा, वाटाड्या गावातला घ्या आणि त्याच्याशी घासाघीस करू नका. डोंगरावर दारू नाही, म्हणजे अजिबात नाही. कचरा आणि शौचालयाची पेटी, दोन्ही सोबत परत आणा.

हे जमत नसेल तर दूर जायचे कष्ट घेऊ नका. जयनगरला खेटून लालबाग आहे आणि लालबागेत सुमारे तीनशे कोटी वर्षांचा खडक आहे. तिथे पायी जा, चढा, सूर्योदय बघा आणि घरी या. गावाला तुमची गर्दी नको आहे. त्याला गिऱ्हाईक हवं आहे.