समोरचा प्लॉट विकायचा नाही

लंडनमध्ये चित्रांचा एखादा बडा व्यापारी वारला की वर्ष-दोन वर्षांत लिलावगृहाचा गुळगुळीत कॅटलॉग निघतो आणि त्याच्या जुन्या गिऱ्हाइकांच्या पोटात गोळा येतो. या गृहस्थाने आयुष्यभर आपल्याला ‘यापेक्षा चांगलं नाही’ म्हणून जे विकलं, त्यापेक्षा चांगलं त्याच्या दिवाणखान्यात, जिन्यात आणि जेवणाच्या टेबलामागे टांगलेलं होतं, हे पानं उलटता उलटता कळतं. लेस्ली वॉडिंग्टन हे असंच एक प्रस्थ. कॉर्क स्ट्रीटवर गॅलरी, वडीलही त्याच धंद्यात. पॅट्रिक हेरन, पीटर ब्लेक, पॅट्रिक कॉलफिल्ड अशा आधुनिक ब्रिटिश चित्रकारांना त्यांनी गिऱ्हाइकं मिळवून दिली. 2015 मध्ये ते गेले आणि 2017 मध्ये क्रिस्टीजने त्यांचा खासगी संग्रह लिलावात काढला. दुकानात इंग्रज विकणाऱ्या या माणसाच्या घरी द्युबुफे, पिकाबिया ही फ्रान्सची पाहुणेमंडळी ठाण मांडून बसलेली निघाली.

भोर-वेल्ह्यात हे कुणाला सांगावं तर तो म्हणेल, “मग? त्यात काय नवल?”

चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याचा रस्ता धरला की डाव्या-उजव्या हाताला फ्लेक्स सुरू होतात. मागे राजगड, पुढे निळाशार पोहण्याचा तलाव आणि काठावर एक गोरं कुटुंब, जे या रस्त्याने कधीही गेलेलं नाही. अशाच एका फ्लेक्सखाली आमच्या शेठचं ऑफिस आहे. शेठ म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. दर फाट्याला एक असतो. पूर्वी त्याला दलाल म्हणत, मग एजंट झाला, हल्ली व्हिजिटिंग कार्डावर ‘लँड कन्सल्टंट’ आहे. 2024 मध्ये मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचं ठरवलं, तेव्हा शेठना फ्लेक्सवरचं एक अक्षरही बदलावं लागलं नाही. त्यांचा तालुका आधीपासून ‘राजगड व्ह्यू’च होता.

ऑफिसच्या भिंतीवर लॅमिनेट केलेला ले-आउट आहे. विकलेले प्लॉट लाल स्केचपेनने रंगवलेले, बोलणी चाललेले पिवळे. अगदी पुढे, जिथून बालेकिल्ला आणि सुवेळा माची दोन्ही दिसतात आणि मधे विजेची तारही येत नाही, तिथे एक तुकडा कोराच ठेवलेला आहे. मी बोट ठेवलं.

“शेठ, हा?”

“तो नाय सर. तो आपला.”

“विकायचा नाही?”

“आवो, चांगला हाय म्हणून तर नाय विकायचा!”

कलाबाजारावर इंग्रजीत जाडजाड ग्रंथ आहेत. शेठचं हे वाक्य मात्र त्यांत कुठे सापडणार नाही, कारण ते छापलं की पुढचा माल खपत नाही.

शेठना मी वॉडिंग्टनच्या लिलावाची सगळी हकिगत सांगितली. त्यांनी ती धंद्यातल्या भावबंदाची कहाणी ऐकावी तशी मान डोलावत ऐकली आणि मधेच थांबवून नेमके प्रश्न विचारले. चित्रांना सातबारा असतो का? असतो म्हटलं, कुणी काढलं, कुणी घेतलं, कुणाकडून कुणाकडे गेलं, कुठल्या प्रदर्शनात लागलं, सगळा फेरफार कॅटलॉगात छापतात. मधली वीस वर्षं कोरी असली की गिऱ्हाईक बिचकतं. “म्हणजे आपल्यासारखंच. वारसनोंद राहिली की बोंब,” शेठ म्हणाले. चित्रकार असल्याशिवाय चित्र घेता येत नाही, असा कायदा आहे का? नाही म्हटलं. इथे मात्र त्यांचं तोंड कडू झालं. आपल्याकडे शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी लागतो, आणि कोथरूडच्या सॉफ्टवेअरवाल्याचा पणजोबा खणून काढून त्याला शेतकरी सिद्ध करेपर्यंत शेठचे दोन पावसाळे जातात. दलालीचं विचारलं, तेव्हा सांगितलं की लिलावगृह विकणाऱ्याकडून घेतं आणि घेणाऱ्याकडूनही घेतं. घेणाऱ्याकडचा दर सुरुवातीच्या टप्प्यात चौथाईच्या आसपास. शेठ दोन्हीकडून दोन-दोन टक्के घेतात आणि तेवढ्यावरून गावात नाव खराब आहे. चौथाई आपण बसवली, तीनशे वर्षांनी वसुली मात्र सायबाच्या हातात! राजगडाच्या पायथ्याशी बसलेल्या माणसाला हे लागणारच.

आता कुणी म्हणेल, हे लंडनचं कशाला सांगता? तर मुंबईचं सांगतो. केकू गांधी यांनी 1941 मध्ये चित्रांच्या चौकटी बनवायचा धंदा काढला. ‘केमोल्ड’ हे भारदस्त नाव ‘केमिकल मोल्डिंग’ या शब्दांतून आलं, यापेक्षा अरसिक जन्मकथा कुठल्याही कलादालनाला नसेल. लोक चौकटी घ्यायला यायचे आणि भिंतीवर हुसेन, आरा ही तेव्हाची उडाणटप्पू मानली जाणारी पोरं टांगलेली असायची. 1963 मध्ये जहांगीर कलादालनाच्या वरच्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड सुरू झाली. 2012 मध्ये केकू गेले, पुढच्या वर्षी पत्नी खोर्शेदही गेल्या आणि त्याच डिसेंबरच्या 19 तारखेला क्रिस्टीजने भारतातला आपला पहिला लिलाव ताजमहाल हॉटेलात मांडला, तेव्हा गांधी दांपत्याचा संग्रह त्यात होता. त्या संध्याकाळी वासुदेव गायतोंडे यांचं 1979 सालचं एक चित्र 23 कोटी 70 लाखांना गेलं. गायतोंडे 2001 मध्ये वारले ते दिल्लीत एका लहानशा जागेत राहून, वर्षाला मोजकी पाच-सहा चित्रं करत. हयातीत त्यांच्या वाट्याला शांतता आली. भाव आला तो नंतर.

गांधींबद्दल वाकडं बोलण्याचं कारण नाही. ज्या काळात ही चित्रं कुणी फुकट घेत नव्हतं, त्या काळात त्यांनी ती भिंतीवर लावली आणि काही घरी नेली. शेठचंही म्हणणं तेच आहे. गुंजवणी धरण व्हायच्या आधी या माळाला कुत्रं विचारत नव्हतं, तेव्हा आपण घेतला. फरक एवढाच की केकूंनी चित्रकारांची नावं मोठी केली, आणि शेठच्या मूळ मालकाचं नाव सातबाऱ्यावरून उडालं. तो आता त्याच जागेवरच्या बंगल्यात माळी आहे. माळीकाम चांगलं करतो. कुठल्या बांधाला कुठलं झाड धरतं, हे त्याला आधीच ठाऊक आहे.

शेठना खरा धक्का बसला तो ‘ग्रामयात्रा’ ऐकून. पंढरपुरात जन्मलेल्या हुसेन यांनी 1954 मध्ये काढलेलं हे चौदा फुटी चित्र. गावाकडच्या आयुष्याच्या तेरा चौकटी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी दिल्लीत आलेल्या व्होलोडार्स्की नावाच्या नॉर्वेच्या डॉक्टरांनी ते घेतलं, पुढे ते ऑस्लोच्या इस्पितळाकडे गेलं आणि तिथल्या भिंतीवर अनेक दशकं राहिलं. 19 मार्च 2025 रोजी न्यूयॉर्कमध्ये ते 1 कोटी 37 लाख डॉलर्सना, म्हणजे 118 कोटी रुपयांना विकलं गेलं.

“तेरा चौकटी?” शेठनी कॅल्क्युलेटर पुढे ओढला. “आणि एकगठ्ठा इकलं? आवो, तेराचे तेरा वेगळे पाडून अकरा-अकरा गुंठ्यांनी इकलं असतं तर...” मी तुकडेबंदी कायद्याची आठवण करून दिली. ते माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले.

त्या लिलावाचे पैसे ऑस्लोत डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी ठेवायचं ठरलं. म्हणजे भारतातली खेडी विकून नॉर्वेत डॉक्टर शिकणार. शिकू देत, दुसऱ्याच्या लेकरांवर जळू नये. इकडे केळद-पासलीच्या अंगाने रात्री पेशंट निघाला की नसरापूर गाठेपर्यंत त्याची वेगळीच ग्रामयात्रा होते, आणि तिला अजून कुणी बोली लावलेली नाही.

राहता राहिली ब्रिटिश कला. ती आमच्या भागात नाही, असं समजू नका. भोर तालुक्यातली सगळ्यांत मोठी आधुनिक ब्रिटिश कलाकृती 1928 मध्ये पूर्ण झाली आणि ती हलवता येत नाही म्हणूनच अजून जागेवर आहे. कॅटलॉगात घालायची तर अशी नोंद करावी लागेल: ‘लॉइड धरण, भाटघर. माध्यम: दगड, चुना आणि वेळवंडी नदी. लांबी दीड किलोमीटरहून जास्त. दरवाजे 81. साठा साडेतेवीस टीएमसी. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या नावाने. जलाशय मात्र येसाजी कंकांच्या नावाने.’ या कलाकृतीचं वैशिष्ट्य असं की ती एका तालुक्यात टांगलेली आहे आणि तिचा आस्वाद दुसऱ्या तालुक्यांत घेतला जातो. नीरेच्या कालव्यांनी पाणी बारामती, इंदापूर, फलटणकडे जातं. चौकट आमची, चित्र त्यांचं. उन्हाळ्यात चित्र पार पुसलं गेलं की खाली दडलेलं कांबरेश्वराचं देऊळ वर येतं आणि पुण्याहून माणसं मोबाईल घेऊन बघायला येतात. काठावरच्या बाया हंडे घेऊन त्याच वाटेने जातात. त्यांना प्रवेश फुकट आहे.

आमच्या भोर संस्थानच्या पंतसचिवांनी वाडा बांधला, तो सिनेमावाल्यांच्या कामी येतो. पण शेजारच्या सातारा जिल्ह्यात, औंधच्या पंतप्रतिनिधींनी भलताच उद्योग केला. बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, सूर्यनमस्कारांचे प्रचारक. संस्थान एवढंसं आणि 1938 मध्ये यमाईच्या डोंगरावर उभं केलं संग्रहालय. त्यात चक्क हेन्री मूर यांचं ‘माता आणि बालक’ हे शिल्प आहे. आधुनिक ब्रिटिश शिल्पकलेत ज्याच्या पुढे नाव घेता येत नाही, तो हा मूर. 2016 मध्ये लंडनला त्याची एक आडवी आकृती 2 कोटी 47 लाख पौंडांना गेली. औंधची माता मात्र यमाईचं दर्शन झाल्यावर ‘वर काय हाय ते बघून येऊ’ म्हणून आलेल्या माणसांकडे शांतपणे बघत बसते. काही जण तिलाही हात जोडतात. बाळासाहेबांनी माल घेतला, स्वतःच्या दिवाणखान्यात न ठेवता डोंगरावर नेऊन लोकांपुढे मांडला, आणि पुढे लिलावगृहाला फोन करायला कुणी उरलं नाही. दलालीच्या दृष्टीने हा शुद्ध वेडेपणा.

हे सगळं मी शेठना रंगून सांगितलं. पौंडांचे रुपये करून दाखवले. एवढ्या मोठ्या माणसाचं काम आपल्यापासून दोन-अडीच तासांवर पडून आहे, म्हटलं. संस्थानिकाच्या मनाचा मोठेपणा वगैरे म्हटलं. शेठचे डोळे चमकले. इतका वेळ न लावलेला एसी त्यांनी लावला, पोऱ्याला दोन स्पेशल चहा सांगितले आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

“सर, त्या डोंगराच्या पायथ्याला एन.ए. झालेलं काय हाय का? ‘मूर व्ह्यू’ टाकू.”