पोथी परत घ्या!

लग्नाळू मुलींच्या हाती ‘रुक्मिणी स्वयंवरा’ची पोथी देण्यावर शासनाने तातडीने बंदी घालावी, अशी माझी नम्र मागणी आहे. पोथीवर माझा राग नाही. एकनाथ महाराजांनी ती 1571 मध्ये काशीत असताना पूर्ण केली, तिचे 18 प्रसंग आहेत, आणि लग्न लांबलेल्या मुलीने तिचं पारायण केलं की चांगलं स्थळ सांगून येतं, अशी घरोघरी श्रद्धा आहे. इतकी वर्षं यात कुणाचं काही बिघडलं नाही, कारण मुली पोथी नुसती वाचत. आता त्या ती समजून वाचू लागल्या आहेत. घरात याहून धोकादायक दुसरं काही नाही. गॅस निदान रात्री बंद करता येतो.

आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी नेमका हाच घोळ करून ठेवला. मुलगी 27 वर्षांची, आयटीतली. तिचा बायोडेटा तीन विवाह मंडळांत आणि सगळ्या नातेवाइकांच्या मोबाइलमध्ये फिरून आलेला. वर गणपती, खाली गोत्र, नाडी, ‘मनमिळाऊ व गृहकृत्यदक्ष’, एक फोटो पैठणीतला, एक जीन्समधला (दोन्ही विचारसरणींची सोय). मुलीने केव्हाच सांगून टाकलं होतं की ऑफिसात एक जण आहे आणि आमचं ठरलं आहे. काकांनी यावर ‘बघू’ म्हटलं आणि पेपर उघडला. काकूंनी हाय खाल्ली, कारण मुलगा ‘आपल्यातला’ नव्हता. बंगळुरूच्या दादाने त्याच रात्री कौटुंबिक ग्रुपवर चार स्थळं टाकली, पॅकेजच्या उतरत्या क्रमाने. आणि काकूंनी देवघराच्या खणातून लाल फडक्यात बांधलेली पोथी काढून मुलीसमोर चौरंगावर ठेवली. उद्देश इतकाच, की रुक्मिणीमातेने पोरीला सुबुद्धी द्यावी.

रुक्मिणीमातेने ती लगेच दिली.

“आई, हिचं लग्न हिच्या भावाने ठरवलंय.”

“मग? कर्तासवरता भाऊच बघतो सगळं.”

“शिशुपालाशी. म्हणजे चेदीचा राजा. स्थळ वाईट नाही.”

“तू पुढे वाच.”

“पुढचं वाचलं, म्हणून तर थांबले.”

पुढे काय आहे ते सांगायलाच हवं, कारण पारायण करणाऱ्या पुष्कळांनाही ते ठाऊक नसतं. भागवताच्या दशम स्कंधात आहे तीच ही कथा. वडील भीष्मक तसे मवाळ. नातलगांचा कल कृष्णाकडे. पण थोरला भाऊ रुक्मी हटून बसला आणि भीष्मकांनी मुलाच्या हट्टापुढे मान तुकवली. मुलीला कुणी विचारलंच नाही. तिने कृष्णाला पाहिलंही नव्हतं, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून नुसतं ऐकलं होतं. म्हणजे आजच्या हिशेबाने डीपीसुद्धा न बघता प्रेम. आणि तिने रडत बसायचं सोडून पत्र लिहिलं. ते विश्वासू ब्राह्मणाच्या हाती द्वारकेला धाडलं. त्यात प्रेमाचा भाग आहेच, पण मला थक्क करतो तो व्यवस्थेचा भाग. मी अंतःपुरात असते, तिथून मला न्यायचं तर माझ्या भाऊबंदांवर शस्त्र चालवावं लागेल, ही तुमची अडचण मला कळते. तेव्हा असं करा: लग्नाच्या आदल्या दिवशी नववधूने गावाबाहेरच्या देवीच्या दर्शनाला जायचा आमच्या घराण्याचा रिवाज आहे, तिथे या. ठिकाण, वेळ, बंदोबस्त, पर्यायी मार्ग, सगळं एका पत्रात. कृष्णाकडे काम उरलं ते फक्त रथ आणायचं.

काकूंनी इथे पोथीच्या पानावर हात ठेवला. पण तोवर मुलगी पुढच्या प्रसंगात पोचली होती.

पुढच्या प्रसंगाबद्दल मी दादा लोकांना विशेष सावध करू इच्छितो. रुक्मी रथामागे धावला. बहिणीला परत आणल्याशिवाय नगरात पाऊल ठेवणार नाही, अशी प्रतिज्ञा करून धावला. कृष्णाने त्याला पकडला, आणि रुक्मिणीने जीवदान मागितलं म्हणून मारला नाही. नुसतं त्याचं डोकं आणि मिशा जागोजाग भादरून ठेवल्या. बिचारा घरी परतलाच नाही. भोजकट नावाचं दुसरं गाव वसवून तिथे राहिला. बहिणीच्या लग्नापायी नवं गाव वसवावं लागणं फार खर्चिक आहे, आणि आमच्या दादाचा तर दाढीवरच दरमहा बराच खर्च होतो. राहता राहिला शिशुपाल. दादाने पसंत केलेल्या त्या स्थळाचं पुढे राजसूय यज्ञात काय झालं, ते सगळ्यांना माहीत आहे. त्या पत्रिकेत किती गुण जुळले होते, याची नोंद भागवतात नाही.

मला सुचलेला उपाय असा की पोथीची सुधारित आवृत्ती काढावी. रुक्मिणी ‘दादा म्हणेल तसं’ म्हणते आणि कांदेपोह्यांची बशी घेऊन शिशुपालासमोर येते. दोन प्रसंगांत पोथी संपते. फलश्रुती तीच ठेवता येईल.

पण एकट्या पोथीवर भागत नाही, हे मला नंतर दिसलं. भाद्रपदात, गणपतीच्या आदल्या दिवशी, आया आपल्या मुलींना शेजारी बसवून हरतालिकेची कहाणी ऐकवतात. ती काय आहे? नारद हिमालयाकडे विष्णूचं स्थळ घेऊन येतात. हिमालय तिथल्या तिथे होकार देतो, मुलीला न विचारता. पार्वतीने मनाने शंकराला वरलेलं. ती मैत्रिणीजवळ मन मोकळं करते, आणि मैत्रीण तिला थेट अरण्यात पळवून नेते. बाप शोधत फिरतो. मुलगी तिथे वाळूचं लिंग करून, उपास आणि जागरण करून बसलेली. बापाला सापडल्यावर ती सांगते: शंकराला देणार असाल तर घरी येते.

आता एखाद्या विवाह मंडळाच्या कार्यालयात हे दोन बायोडेटा शेजारी ठेवून बघा. पहिला: वैकुंठात मालकीची जागा, क्षीरसागरात सेकंड होम, घराण्याचं नाव मोठं, पगाराचा प्रश्नच नाही. दुसरा: राहणं स्मशानात, उत्पन्न भिक्षा, पेहराव कातडं, अंगाला राख, गळ्यात सर्प, सासू-सासरे नाहीत (ही एकच जमेची बाजू). मुलीने दुसरा निवडला, मैत्रिणीने मदत केली, आणि त्याबद्दल आपण दरवर्षी पोरींना दिवसभर उपाशी ठेवून त्या मैत्रिणीचं कौतुक ऐकवतो. वर रात्री जागरणाला मैत्रिणींना घरी बोलावतो!

सावित्रीचं तर काय सांगावं. अश्वपतीने स्वतःच तिला ‘जा, तुझा तू शोध’ म्हणून रथ दिला, आणि ती राज्य गमावलेल्या आंधळ्या राजाचा वनवासी मुलगा पसंत करून आली. त्याचं आयुष्य वर्षभराचं, असं नारदांनी तोंडावर सांगितलं. तिने निवड बदलली नाही. आज एखाद्या मुलाला नुसतं होम लोन निघालं तरी बोलणी फिसकटतात.

आपल्या थोर नाट्यपरंपरेनेही या कामी कमी हातभार लावलेला नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘सौभद्र’ 1882 चं. बलरामदादाला सुभद्रा दुर्योधनाच्या घरी द्यायची आहे, तिला अर्जुन हवा आहे, आणि पळवून नेण्याची सगळी खटपट धाकटा भाऊ कृष्ण करतो. अनुभवी माणूस. खाडिलकरांचं ‘स्वयंवर’ 1916 चं. त्यात बालगंधर्व रुक्मिणी होत आणि प्रेक्षागृह वेडं होई. शंभराहून अधिक वर्षं मराठी बाप पहिल्या रांगेत बसून अशा नायिकांना वन्स मोअर देतो आहे. नाटक सुटल्यावर मात्र तो बलराम होऊन घरी येतो. वसंत पंचमीला पंढरपुरात विठ्ठल-रुक्मिणीचं लग्न लागतं, त्याला आपण वऱ्हाडी म्हणून हजर असतो. अमरावती जिल्ह्यातल्या कौंडण्यपुरातून, रुक्मिणीच्या माहेरातून, आषाढीसाठी पालखी निघते आणि चालत पंढरपुरापर्यंत येते. माहेर सोडून पळालेल्या मुलीकडे माहेर स्वतः पायी जातं. आपण रस्त्यात उभे राहून त्याला चहा देतो. घरी येऊन लेकीचा मोबाइल तपासतो.

सरकारचं धोरणही घरच्या वडीलधाऱ्यांसारखंच. आंतरजातीय लग्न केलं तर ठरावीक अटींत 50,000 रुपयांचं प्रोत्साहन देतं, आणि डिसेंबर 2022 मध्ये आंतरजातीय-आंतरधर्मीय लग्न करणाऱ्यांच्या कुटुंबांत ‘समन्वय’ घडवायला समितीही नेमतं. ओरड झाल्यावर त्यातला ‘आंतरजातीय’ दोन दिवसांत गळला, ‘आंतरधर्मीय’ राहिला. म्हणजे रुक्मिणी कोणाबरोबर जाते आहे त्यावर रुक्मीची नेमणूक. सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या शक्ती वाहिनी खटल्यात स्पष्ट म्हटलं आहे की दोन सज्ञान माणसांनी लग्न ठरवल्यावर कुटुंबाची, समाजाची किंवा कुळाची संमती लागत नाही. हा निकाल लाल फडक्यात बांधून चौरंगावर ठेवायची पद्धत अजून रूढ झालेली नाही.

काकूंच्या मुलीने पारायण पूर्ण केलं. 18 प्रसंग, आरतीसह. प्रसाद वाटला, काकूंच्या पाया पडली आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलाबरोबर जाऊन 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस देऊन आली. या कायद्यात नोटीस 30 दिवस फलकावर लावतात, कुणाचा आक्षेप असेल तर यावा म्हणून. रुक्मीला इतकी मुदत मिळाली असती तर त्याच्या मिशा वाचल्या असत्या.

दादा बंगळुरूहून पहिल्या विमानाने आला आणि तडक विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात गेला. काकांना सोबत घेऊन गेला, म्हणून मला हे कळलं. त्याने आक्षेपांची यादी टाइप करून आणली होती. कारकुनाने ती शांतपणे वाचली.

“जोडीदार आधीचा हयात आहे का कुणाचा? नाही. वय कमी? नाही. मनाने अक्षम? नाही. जवळच्या नात्यातले? नाही. मग हे ‘मुलाकडे नॉनव्हेज चालतं’ कुठल्या कलमात बसवू?”

“अहो, पण आमचा विरोध आहे!”

“असू दे ना. फक्त उगाच आक्षेप घेतलाय असं साहेबांना वाटलं, तर हजार रुपयांपर्यंत खर्च बसू शकतो तुम्हाला. कायद्यात आहे.”

दादा काकांकडे बघू लागला. काकांनी चष्मा पुसला, फलकावरची नोटीस सावकाश वाचली आणि कारकुनाला विचारलं, “साक्षीदार किती लागतात?”

“तीन.”

“वडील चालतात?”