हौसेला सवलत

सवलत नसती तर मला स्पोर्ट्‌स कार आवडलीच नसती. पूर्ण किमतीला मिळणारी वेगवान गाडी हा माझ्या लेखी बिल्डरांच्या मुलांचा आणि क्रिकेटपटूंचा प्रांत. पण तीच गाडी शोरूममध्ये डेमोला फिरलेली असेल आणि तिच्यावर चार पैसे सुटत असतील, तर ती चैन राहत नाही, बचत होते. मराठी मध्यमवर्गीय माणूस हौस करत नाही. त्याला ती स्वस्तात पडते.

गाडी होती पोलो जीटीआय आणि साल २०१७. साधी पोलो आपल्या चाकणला तयार व्हायची, पण जीटीआय बाहेरून तयार होऊन बोटीनं आलेली. आदल्या वर्षीच्या अखेरीला भारतासाठी अवघ्या ९९ गाड्या जाहीर झाल्या. दारं दोन, इंजिन १.८ लिटरचं, ताकद १९२ पीएस. शून्यापासून शंभरापर्यंत जायला लागणार ७.२ सेकंद. (आमच्या सोसायटीच्या गेटातून सकाळी मुख्य रस्त्याला लागायला तितकी मिनिटं लागतात, पण ते असो.) किंमत पंचवीस लाखांच्या वर. तेवढ्यात साध्या पोलो तीन आल्या असत्या.

९९ हा आकडा माझ्या डोक्यात गेला. सव्वाशे कोटींच्या देशात जे ९९ लोक ही गाडी बाळगतील त्यांत मी, ही कल्पना मी अंघोळीलाही बरोबर नेऊ लागलो. अडचण एकच होती, पण ती जीवघेणी होती. गाडी दिसायला पोलोच होती! पुढच्या जाळीवर एक बारीक लाल रेघ, मागं धुराड्याच्या दोन नळ्या, चाकं जरा रुबाबदार. जाणकाराचं काळीज हलावं अशी ही लक्षणं, पण आमच्या सोसायटीत जाणकार म्हणून कुणी नाही. तळमजल्यावरच्या काकांना मी मोबाइलवर फोटो दाखवला. काकांनी चष्मा कपाळावर चढवला.

"पोलो का? चांगली असते. माझ्या भाच्याकडे आहे, डिझेल. ही ॲव्हरेज काय देते?"

मग मला इतिहासात शिरावं लागलं. १९७६ साली पहिली गोल्फ जीटीआय आली तेव्हा कंपनीचा अंदाज होता की ५,००० खपल्या तरी पुष्कळ. खपल्या साडेचार लाखांच्या वर. तिच्या सीटवरचं चौकड्यांचं कापड आणि गिअरच्या दांड्यावरचा गोल्फच्या चेंडूसारखा गोळा या दोन्ही गोष्टी गुनहिल्ड लिल्येक्विस्ट नावाच्या डिझायनर बाईंच्या डोक्यातून निघाल्या. तसलंच चौकड्यांचं कापड या पोलोच्या सीटवरही आहे, हे मी काकांना फोटो मोठा करून दाखवलं. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"चौकडा मळखाऊ असतो," ते म्हणाले. "बरं केलं बाईंनी."

माझी खरी पंचाईत अशी होती की जगाला दोन गोष्टी एकदम कळायला हव्या होत्या : गाडी किती महागाची आहे, आणि मला ती किती स्वस्तात मिळाली. पहिली कळल्याशिवाय दुसरीला अर्थ नाही, आणि दुसरी सांगितली की पहिलीचा तोरा उतरतो. श्रीमंतही दिसायचं आणि हुशारही दिसायचं, हे दोन्ही एका गाडीत बसवणं कठीण. त्यातून गाडीला दारं दोनच.

शोरूममधला सेल्समन पोरगेलासा होता, पण बोलण्यात मुरलेला. "सर, रोड टॅक्स आम्ही भरलेला. इन्शुरन्स चालू आहे. तुम्हाला फक्त ट्रान्सफर." मी घरून वही घेऊन गेलो होतो. वॉरंटी धरतात ती पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून, तेव्हा गेलेले महिने वजा. आरटीओचे फॉर्म २९ आणि ३०. विमा आपल्या नावावर करून घ्यायला १४ दिवस. हे सगळं मी असं विचारलं की त्याला वाटावं, हा माणूस दर दिवाळीला एखादी डेमो कार उचलतो. एकाच ठिकाणी मला टोचलं. आरसीवर मी दुसरा मालक लागणार होतो. देशातल्या ९९ जणांत एक, पण दुसरा!

आणि हा हिशेब चालू असतानाच घात झाला. कंपनीनं कोऱ्या गाडीचीच किंमत जवळजवळ ६ लाखांनी उतरवली. ती वीस लाखांच्या आत आली. इतके दिवस मी जिला माझी सवलत समजत होतो, ती आता कुणाही सोम्यागोम्याला विनासायास मिळत होती. मी भयंकर संतापलो. गाडी स्वस्त झाली होती हे खरं, पण सगळ्यांसाठी. सगळ्यांसाठी झालेल्या स्वस्ताईत माझं कर्तृत्व ते काय? पुढे शोरूमनं डेमोची किंमत आणखी खाली आणली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

डेमो कारबद्दल माझ्या मनात एक शंका मात्र होती. मंडईत आंबेवाला एक फोड कापून चव बघायला पुढे करतो ना, तशी ही गाडी. फरक एवढाच की आलेल्या प्रत्येकानं तीच फोड चाखून परत पाटीत ठेवलेली. मीटरवर साडेचार हजार किलोमीटर पडले होते, आणि ते सगळे अशा माणसांनी पाडलेले, ज्यांनी शेवटी ही गाडी घेतली नाही. नव्या इंजिनाला पहिले हजार किलोमीटर जपून वापरा, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. टेस्ट ड्राइव्हला बसलेला कोणता पुणेकर दुसऱ्याच्या इंजिनाला जपतो? फुकट मिळालेल्या दहा मिनिटांत तो पेट्रोलसुद्धा वसूल करून जातो.

आता स्पीडब्रेकर. या विषयात मला कुणी अडवू नये.

इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेनं १९८८ साली स्पीडब्रेकरचं माप घालून दिलेलं आहे : उंची १० सेंटीमीटर, रुंदी ३.७ मीटर, आणि माथ्याची गोलाई अशी सौम्य की ताशी २५ च्या वेगानं कुणाच्याही मणक्याला न दुखवता पार व्हावं. पोलोची लांबी चार मीटरच्या जरा आत. म्हणजे नियमाप्रमाणे बांधलेला स्पीडब्रेकर जवळजवळ गाडीएवढा ऐसपैस असतो. गाडीनं सावकाश चढावं, माथ्यावरून क्षणभर इकडेतिकडे पाहावं आणि उतरावं. असा एखादा पुण्यात कुणाला आढळला तर मला कळवावं, मी सहकुटुंब बघायला येईन.

आपल्याकडचे स्पीडब्रेकर प्रसंगानुसार जन्माला येतात. उरलेल्या डांबराचा एक. कुणाच्या तरी नातवाला सायकलचा धक्का लागला म्हणून रातोरात उगवलेला एक. पिवळ्या-काळ्या रबरी तुकड्यांचा, ज्यातले मधले तुकडे दुचाकीवाल्यांनी आपल्यापुरते उचकटून वाट केलेली असते. गावाकडे गेलात तर रस्त्यावर आडवा टाकून ठोकलेला जाड दोरखंड. शिवाय केबल टाकून बुजवलेला चर असतो, तो उलटा स्पीडब्रेकर. त्यात गाडी आधी खाली जाते आणि मग मालक. या सगळ्यांवरून आम्ही वर्षानुवर्षं तिरके जातो. आधी पुढचं डावं चाक, मग पुढचं उजवं, मग श्वास रोखून मागचं डावं. समोरून येणाराही तसाच तिरका आलेला असतो, आणि दोघं रस्त्याच्या मधोमध एकमेकांकडे आदरानं बघतो.

आमच्या सोसायटीचा स्पीडब्रेकर बरोबर सेक्रेटरींच्या इमारतीसमोर आहे. जीटीआयचं पोट त्याला घासेल का, हे ठरवल्याशिवाय पुढे जाणं शक्य नव्हतं. म्हणून एका रात्री साडेअकराला मी मुलीची लाकडी फूटपट्टी आणि शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन खाली उतरलो आणि रस्त्यावर ओणवा झालो. वॉचमन टॉर्च घेऊन आला.

"साहेब, काय पडलं का?"

"नाही, उंची बघतोय."

त्यानं न बोलता टेपचं दुसरं टोक धरलं. उंची भरली साडेसतरा सेंटीमीटर, रुंदी दीड फूट. त्याला स्पीडब्रेकर म्हणणं धाडसाचं होतं. ते कुंपण होतं. सकाळपर्यंत सोसायटीत बातमी पसरली की मी महापालिकेकडे तक्रार करणार आहे. सेक्रेटरींनी, जे गेल्या दिवाळीपासून माझ्याशी पार्किंगवरून अबोला धरून होते, मला जिन्यात थांबवून चहाला बोलावलं. गाडी न घेताच तिचा पहिला फायदा झाला.

शेवटी घरच्यांना गाडी दाखवायचं ठरलं. पत्नी आणि आई, दोघींना घेऊन शोरूमला गेलो. सेल्समननं ऐटीत खटका ओढला, पुढची सीट कमरेत वाकून पुढे गेली आणि मागे जायला एक फट उघडली. आईनं ती फट पाहिली, मग स्वतःचे गुडघे पाहिले.

"शिरेन मी," आई म्हणाली, "पण मग माझं पुढचं सगळं तिथंच करावं लागेल. तू शीर. मी पुढं बसते."

मी आधी चालवून पाहिलेली होती, म्हणून पत्नी चालवायला बसली. मागच्या सीटवर मी आणि सेल्समन, गुडघे हनुवटीला लावून, लिल्येक्विस्ट बाईंच्या चौकड्यांवर. माझ्या स्पोर्ट्‌स कारमधली माझी जागा मला इतकी स्पष्ट आधी कधी दिसली नव्हती.

बावधनच्या पुढे हायवे मोकळा मिळाला. पत्नीनं कुणाला न विचारता गिअरचा दांडा 'एस'वर ओढला आणि पाय दिला. माझं डोकं सीटला टेकलं. सेल्समनच्या हातातली फाइल माझ्या मांडीवर आली.

"अगं, पुढे ट्रक आहे," आई म्हणाली.

"दिसला, आई."

हे दोन शब्द संपेपर्यंत ट्रक मागे पडला होता. "मॅडम, कॅमेरे आहेत," सेल्समन क्षीण आवाजात म्हणाला. आरशात मला तिचे फक्त डोळे दिसत होते आणि ते हसत होते. कॉलेजात असताना ती कायनेटिक होंडा चालवायची आणि कर्वे रोडवर मला कधीही पुढे जाऊ द्यायची नाही. हे मला माहीत होतं. पण माहीत असलेलं किती वर्षं कुठल्या कप्प्यात पडून राहिलं, देव जाणे. लग्नानंतर आमच्याकडे गाड्या आल्या त्या कामासाठी. एक आली ती डिकीत बाबागाडी मावते म्हणून. एक आईला चढायला सोपी म्हणून. एक ॲव्हरेज देते म्हणून. प्रत्येक वेळी मी वही काढली, मी ठरवलं, आणि तिला विचारला तो रंग. तोही शेवटी चंदेरी घेतला, धूळ दिसत नाही म्हणून. गाडी तुला कशी हवी, हा प्रश्न आमच्या घरात कधी निघालाच नाही. आणि या वेळी, जेव्हा पहिल्यांदा नुसत्या आनंदासाठी गाडी घ्यायचं घाटत होतं, तेव्हाही तो आनंद माझाच असणार हे मी गृहीत धरून चाललो होतो.

शोरूमला परतल्यावर तिनं किल्ली लगेच दिली नाही.

"घेऊ या," ती म्हणाली. "माझ्या नावावर."

त्या रात्रीपासून मला गाडीत दोष दिसू लागले. दारं दोनच. डिकी लहान. सुटे भाग बाहेरून येणार. जुनी गाडी मोडीत गेल्यासारखी जाईल. या वयात एवढ्या ताकदीची गरज काय? ती कांदा चिरता चिरता ऐकत होती. "परवापर्यंत तर ही बचत होती," ती म्हणाली. मी स्पीडब्रेकरची मोजमापं काढली. "तिरकी घ्यायची. मला येतं." मला खरं काय डाचत होतं ते तोंडावर आणण्यासारखं नव्हतं. ९९ जणांच्या यादीत आता ती जाणार होती आणि मी राहणार होतो त्यांतल्या एकीचा नवरा, मागच्या सीटवर.

तरी मी होकार दिला, एका अटीवर. भाव मी करणार. आणखी थोडं खाली आणतो म्हणालो. सेल्समनला फोन केले, मग मुद्दाम फोन केले नाहीत, तो कासावीस व्हावा म्हणून. तो झाला नाही. एका सकाळी त्यानंच कळवलं की गाडी गेली, कोल्हापूरच्या एका पार्टीनं उचलली.

"कितीला?" मी विचारलं.

मला सांगितलेल्या शेवटच्या किमतीपेक्षा चाळीस हजारांनी कमी.

मला रात्रभर झोप लागली नाही. चाळीस हजार! कोल्हापूरकरानं असं काय विचारलं असेल जे माझ्या वहीत नव्हतं? पत्नीलाही झोप नव्हती, पण तिचं दुःख निराळं होतं. "गाडी गेली रे," ती एकदा म्हणाली. मी म्हणालो, "हो ना, चाळीस हजारांनी." त्यावर तिनं कूस बदलली.

सकाळी चहाच्या वेळी ती फोनवर कुणाशी तरी बोलत होती. मी पेपरमागून कान दिला.

"माझा नंबर लिहून घ्या," ती सेल्समनला सांगत होती. "पुढची डेमो आली की फोन मला करा. ह्यांना नको, हे मोजत बसतात."